चोरट्या प्रतींच्या नावांचे वाचन



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण शिवकाल ऐकलात, पेशवाई ऐकलीत, संतवाङ्मय आणि लोकमान्यांचे राजकारणही ऐकलेत. अशा पंगतीत चोरून नकललेल्या चित्रपटांच्या फाइलींची नावे हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, म्हणजे बोलावणे नसलेल्या पाहुण्याने पाट ओढून बसावे तसे काहींना वाटेल. त्यांच्याजवळ आमचे एकच मागणे आहे. पान वाढले जाईपर्यंत त्यांनी थांबावे. चोरीचे समर्थन करण्यासाठी आम्ही आलेलो नाही. चोराने मागे ठेवलेले कागद वाचल्याखेरीज चोरीचा इतिहास लिहिता येत नाही, आणि येथे चोराचा कागद म्हणजे त्याने आपल्या मालाला दिलेले नाव, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका संस्थेच्या कपाटामुळे. संस्था पूर्व उपनगरातली आणि जुनी आहे. तिच्या कपाटात पुठ्ठ्याच्या एका खोक्यात छत्तीस ध्वनिफिती निघाल्या. पूर्वीच्या व्याख्यानांचे ते ध्वनिमुद्रण होते. कोणत्या फितीवर कोण बोलत आहे ते ओळखून यादी करून द्या, असे कार्यवाहांनी आम्हांला सांगितले. फितींवरच्या चिठ्ठ्या आम्ही वाचल्या. एकीवर ‘उद्घाटन’, दुसरीवर ‘भाग 2’, तिसरीवर ‘मंगळवार, चालू’, आणि पाच-सहा फितींवर नुसते ‘सर’! कोणते सर, कोणता मंगळवार, कशाचा भाग 2, याचा कोठेही पत्ता नाही. लिहिणाऱ्याला त्या दिवशी सारे ठाऊक होते, म्हणून त्याने काही लिहिले नाही. आज तो लिहिणारा नाही, आणि ते ठाऊक असणेही त्याच्याबरोबर गेले.

त्याच रात्री घरी आमच्या पुतण्याच्या संगणकावर एका मराठी चित्रपटाची फाइल पाहण्यात आली. ती अर्थातच चोरटी होती. त्याबद्दल त्याला जे बोलायचे ते आम्ही बोललो. पण फाइलीचे नाव मात्र आम्ही पाहत राहिलो. हातभर लांब, मध्ये कोठेही जागा न सोडलेले, ठिपक्यांनी जोडलेले ते नाव आम्हांला गिचमिड वाटले. पुतण्याने ते एखाद्या जोशीबुवांनी पंचांग वाचावे तसे घडाघडा वाचून दाखवले. चित्रपट कोणता, साल कोणते, भाषा कोणती, प्रत कशावरून काढली, चित्र किती रेघांचे, ध्वनी कोणत्या पद्धतीचा आणि नक्कल कोणी केली, हे सारे त्या एका ओळीत होते. प्रतिष्ठितांच्या संस्थेत ‘सर’ एवढीच नोंद, आणि चोरांच्या बाजारात अशी काटेकोर दप्तरव्यवस्था! हा विरोधाभास मनाला लागला, आणि आजचे व्याख्यान त्यातून उभे राहिले.

पुष्पिका आणि कूटलिपी

हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना पुष्पिका हा शब्द सांगायला नको. पोथी नकलून झाली की शेवटी लेखक काही ओळी लिहीत असे. आपले नाव, गाव, शक, तिथी, कोणासाठी नक्कल केली ते, आणि जसे समोर दिसले तसे उतरले आहे, दोष असल्यास माझा नव्हे, अशी प्रार्थना. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके 1212 हा काळ आणि सच्चिदानंदबाबा हा लेखक आपल्याला मिळतो, तो याच रिवाजामुळे. फाइलीचे नाव ही आजची पुष्पिका आहे. फरक एवढाच की, पूर्वीची पुष्पिका ग्रंथाच्या शेवटी येई आणि ही दारावर लावलेली असते.

दुसरी गोष्ट, सांकेतिक लेखन आपल्याला नवे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले होते. शतकानुशतके ते पंथाबाहेरच्या कोणाला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली लावली, आणि मराठीचे केवढे तरी प्राचीन गद्य उजेडात आले. पेशवे दप्तरातला मोडी कागद घ्या. वर ‘इसन्ने खमसैन मया व अलफ’ असे दिसले तर नवखा माणूस गोंधळतो. जाणकार मात्र दोन, पन्नास, शंभर आणि हजार अशी बेरीज करून 1152 हे शुहूर साल काढतो, त्यात 599 मिळवतो आणि 1751 इसवीवर येऊन थांबतो. किल्ली हाती आली की गिचमिडीचे दप्तर होते.

चोरट्या टोळ्यांच्या नावांतही अशी कूटे आहेत. संगणकाचे खेळ फोडून वाटणारी ‘रेझर 1911’ नावाची टोळी 1985 मध्ये नॉर्वेत निघाली. हा 1911 म्हणजे सन नव्हे. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पटीच्या मोजणीत 777 लिहिले असता आपल्या दशमान पद्धतीत त्याचे 1911 होतात. दुसऱ्या टोळ्या 666 हा सैतानी आकडा मिरवीत, त्यांची ही थट्टा. नेत्र म्हणजे दोन आणि वेद म्हणजे चार, अशा शब्दांत शक लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना या खेळाचे नवल वाटले नसते.

उपनगरांतली ‘प्रिंट’

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. कारण ही नावे परदेशात जुळली असली तरी त्यांतला अर्थ आपल्या गल्ल्यांत फार आधीपासून बोलला जात होता.

1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि तिच्या मागोमाग व्हिडिओ. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. शनिवारी रात्री यंत्र भाड्याने आणायचे, तीन कॅसेट आणायच्या, चाळीतल्या वा सोसायटीतल्या सगळ्यांनी पैसे घालायचे आणि पहाटेपर्यंत बसायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी केले आहे. त्या वेळी दुकानदाराला पहिला प्रश्न काय असे? ‘प्रिंट कशी आहे?’ उत्तर ठरलेले असे. ‘कॅमेरा प्रिंट’ म्हणजे चित्रपटगृहात बसून कॅमेऱ्याने टिपलेली, ‘क्लिअर प्रिंट’ म्हणजे चांगली, आणि ‘मास्टर’ म्हणजे मूळ प्रतीवरून थेट काढलेली. प्रतीची प्रत, तिची प्रत, असे होत होत चित्र धुरकट होई, रंग ओघळत, गाण्यात आवाज लहरू लागे. म्हणून प्रत कितव्या पिढीची हे विचारणे भाग असे. पोथ्यांच्या संशोधकाला पडणारा प्रश्न व्हिडिओ लायब्ररीच्या फळीपाशी उभा असलेला गृहस्थ रोज विचारीत होता.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली. आपला स्वामित्वहक्काचा कायदा 1957 चा. व्हिडिओच्या सुळसुळाटामुळे 1984 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि 52-अ हे कलम आले. व्हिडिओ फितीवर व तिच्या वेष्टनावर करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कदाराचे नाव व पत्ता, आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची नक्कल असलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. म्हणजे प्रतीला नाव-गाव असावे हा आग्रह प्रथम सरकारने धरला. प्रामाणिक व्यापाऱ्याने तो किती पाळला ते सांगणे अवघड आहे. पण पुढे चोरांनी मात्र, पत्ता तेवढा वगळून, तो अगदी मनोभावे पाळला!

1990 नंतर केबल आली. केबलवाला रात्री आपल्या वाहिनीवर नवा चित्रपट लावी आणि खालून साड्यांच्या दुकानाची, शिकवणीच्या वर्गाची जाहिरात सरकत जाई. त्या पट्टीला आम्ही तेव्हा वैतागत असू. आज इतिहासाच्या दृष्टीने ती पट्टीच मोलाची ठरते. तशा एखाद्या मुद्रणाची फीत आज सापडली, तर वर्गाच्या नावावरून गल्ली आणि दूरध्वनीच्या आकड्यांवरून काळ सांगता येईल. 1994 च्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ प्रदर्शित झाला तेव्हा राजश्रीने त्याचे व्हिडिओ हक्क मुद्दाम विकले नाहीत, ते या केबल-कॅसेटच्या धास्तीनेच. लोक सहकुटुंब चित्रपटगृहाकडे परतले, आणि मालाची वाट अडवली तर गिऱ्हाईक दारी येते हे व्यापाऱ्यांना कळले.

मग तबकडीचे दिवस आले. व्हिडिओ सीडीचे प्रमाण 1993 मध्ये ठरले. एका तबकडीवर सुमारे 74 मिनिटे मावत. अडीच-तीन तासांचा हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर पसरे, आणि मध्यंतराची जागा दिग्दर्शकाऐवजी तबकडी ठरवू लागली. स्टेशनाबाहेरच्या पुलाखाली प्लॅस्टिकच्या पाकिटात रंगीत छायाप्रत घातलेल्या या तबकड्या मांडलेल्या असत. पुढे डीव्हीडीवर एकात तीन, एकात पाच असे चित्रपट मिळू लागले. भाव इतके उतरले की, 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने अधिकृत व्हिडिओ सीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली. चोराशी स्पर्धा करण्यासाठी सावाने चोराचा भाव लावला, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात विरळा.

नावाची फोड

आता प्रत्यक्ष नाव फोडून पाहू. समजा फाइलीचे नाव असे आहे: अमुक.तमुक.2019.मराठी.1080पी.वेब-डीएल.एएसी2.0.एच.264-टोळके. मूळ नाव रोमन अक्षरांत असते. आम्ही ते नागरीत लिहून घेतले आहे.

पहिली शंका ठिपक्यांची. शब्दांमध्ये जागा का नाही? जुन्या संगणकांवर फाइलीचे नाव आठ अक्षरे आणि शेपटीची तीन अक्षरे एवढ्यातच बसवावे लागे. 1995 मध्ये लांब नावांची सोय घरोघर झाली, पण मालाची ने-आण करणारे दूरचे संगणक आणि त्यांवरच्या आज्ञावल्या मोकळ्या जागेपाशी अडखळत. जागा आली की नाव संपले असे यंत्राला वाटे. म्हणून टोळ्यांनी आपसात नियम केला की, रोमन अक्षरे, आकडे, ठिपका, आडवी रेघ एवढेच वापरायचे. तामपटावर जागा वाचवण्यासाठी अक्षरे सलग कोरीत, त्यातलाच हा प्रकार. साधनाची अडचण लिपीचा रिवाज बनते.

साल का? नामसाम्यासाठी. ‘देवदास’ म्हटले तर 1935 चा, 1955 चा की 2002 चा? ‘श्यामची आई’ म्हटले तर आचार्य अत्र्यांचा 1953 चा की 2023 चा? आपल्याकडे एकाच नावाचे दोन कवी निघाले की पंडित शंभर पाने वाद घालतात. चोराने चार आकड्यांत वाद मिटवला.

1080पी म्हणजे चित्राच्या उंचीत 1080 रेघा, आणि ‘पी’ म्हणजे त्या सलग काढलेल्या. व्हिडिओ सीडीत आपल्याकडे 288 रेघा असत. हे आठवले म्हणजे पंचवीस वर्षांत नजर किती चोखंदळ झाली ते कळते.

नावाचा गाभा मात्र पुढे आहे, आणि तो म्हणजे मूळ. ‘कॅम’ म्हणजे आपली कॅमेरा प्रिंट. ‘टीएस’ म्हणजे टेलिसिंक. यात कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवलेला आणि ध्वनी वेगळ्या तारेने घेतलेला असतो; कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खुर्चीपाशी जी सोय असते तिच्यातूनही तो घेत. ज्या सोयीत माणुसकी होती तिलाच चोरवाट केले गेले. ‘टीसी’ म्हणजे टेलिसिने, म्हणजे चित्रपटाची रिळेच यंत्रावर चढवून काढलेली प्रत. तिच्यात आतला माणूस सामील असल्यावाचून भागत नाही. ‘स्क्रीनर’ म्हणजे परीक्षकांना वा पारितोषिक मंडळींना पाहण्यासाठी दिलेली प्रत फुटलेली. ‘डीव्हीडीरिप’ म्हणजे तबकडीवरून ओरबाडलेली. ‘वेब-डीएल’ म्हणजे चित्रपट दाखवणाऱ्या आंतरजाल-सेवेचा मूळ प्रवाह जशाचा तसा उतरवलेला, आणि ‘वेबरिप’ म्हणजे तोच पुन्हा मुद्रित केलेला. आपल्याकडचा ‘प्री-डीव्हीडी’ हा शब्द तर खास देशी आहे. अधिकृत तबकडी निघण्यापूर्वीच रस्त्यावर आलेली, बहुधा चित्रपटगृहात टिपलेली आणि घासूनपुसून सजवलेली ती प्रत.

‘आर5’ हा शब्द आम्हांला विशेष गमतीचा वाटला. डीव्हीडी कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले होते. पाचव्या विभागात रशिया, आफ्रिकेचा बराच भाग आणि आपला भारत. रशियातील चोरी मोडण्यासाठी कंपन्यांनी तेथे तबकड्या लवकर आणि साध्या स्वरूपात काढल्या. त्याच फुटून जगभर गेल्या आणि आर5 ही चोरट्या मालाची एक जातच झाली. जगाचा नकाशा कंपन्यांनी रेखला तो बाजार अडवण्यासाठी. चोरांनी त्याचा उपयोग मालाचे गोत्र सांगण्यासाठी केला.

राहिली आकुंचनाची पद्धत. 1999 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टची एक पद्धत फोडून ‘डिव्हएक्स’ तयार झाले. पुढे तिच्या चालकांनी कंपनी काढून दार लावून घेतले, तेव्हा बाहेर राहिलेल्यांनी आपली वेगळी पद्धत केली आणि नाव ठेवले ‘एक्सव्हिड’. रोमन अक्षरे उलटी वाचा, डिव्हएक्स निघते. भाऊबंदकीचा सारा इतिहास या एका उलट्या शब्दात आहे. ‘एमकेव्ही’ ही फाइलीची शेपटी मात्रोस्का नावाची आहे. रशियन बाहुलीच्या पोटात बाहुली, तिच्या पोटात आणखी एक, तसे एका पेटीत चित्र, दोन-चार भाषांचे ध्वनी आणि उपशीर्षके.

आकारही बोलका असतो. कित्येक वर्षे चित्रपट 700 एमबीचे आणि मालिकांचे भाग 350 एमबीचे असत. का? साध्या सीडीवर 700 मावत; तिच्यात चित्रपट एक किंवा भाग दोन. पुढे सीडी कोणी वापरीनासे झाले, तरी आकडे तेच राहिले. पायली-मापटे गेले तरी म्हणीत राहिले, तसेच हे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले आणि मोबाईलवरची माहिती स्वस्त झाली. त्याआधी आपल्याकडे 300 एमबीच्या नकला लोकप्रिय होत्या. रिचार्जमध्ये आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात भरून मिळणाऱ्या मेमरी कार्डात त्या बसत. माणसाचा खिसा फाइलीच्या अंगावर असा उमटतो.

शेवटी आडवी रेघ आणि टोळीचे नाव. यांचे लिखित नियम होते. 2012 च्या फेब्रुवारीत मालिकांसाठी एक्सव्हिड सोडून नवी पद्धत घ्यावी असे फर्मान निघाले आणि बहुतेक टोळ्यांनी ते पाळले. कोणाची नक्कल सदोष निघाली तर ती ‘न्यूक’ म्हणजे बाद होई, दुसरी टोळी निर्दोष प्रत काढून नावात ‘प्रॉपर’ घाली, आणि मूळ टोळीने आपली चूक सुधारली तर ‘रिपॅक’. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही भ्रष्ट प्रतींचाच प्रश्न होता. तुलना माणसांची नव्हे, कामाच्या गरजेची आहे. जेथे नक्कल आहे तेथे भ्रंश आहे, आणि जेथे भ्रंश आहे तेथे शुद्ध पाठाची भूक आहे. ती भूक साधूला असते तशी चोरालाही असते.

नाव आणि साक्ष

तथापि नाव हा दावा आहे, पुरावा नव्हे. येथे श्रोत्यांना सावध करणे आमचे कर्तव्य आहे.

आमच्या इमारतीत अंधेरीच्या एका ध्वनिमिश्रणगृहात काम करणारा तरुण राहतो. त्याने ज्यावर काम केले होते तो चित्रपट प्रदर्शनानंतर दुसऱ्याच दिवशी फुटला. फाइलीच्या नावात ‘एचडीरिप’ असे होते. म्हणजे माल चांगल्या प्रतीवरून काढलेला, म्हणजे आतून गेलेला, असा तर्क त्याच्या वरिष्ठांनी केला, आणि त्याच्यासह चौघांना कामावर येऊ नका म्हणून सांगितले. मुलाची आई आमच्याकडे आली. आम्ही त्या मुलाला एवढेच सुचवले की, बाबा, नाव सोड आणि आत बघ. फाइलीत नायिकेच्या प्रवेशाला शिट्टी ऐकू येत होती. एकविसाव्या मिनिटाला कोणीतरी खोकले, आणि कडेने एक काळे डोके उठून गेले. ध्वनिमिश्रणगृहात शिट्ट्या वाजत नाहीत. माल चित्रपटगृहातला होता, नाव भाव वाढवण्यासाठी खोटे दिले होते. चौघेही आठ दिवसांनी कामावर गेले. बुडालेली मजुरी मात्र कोणी दिली नाही. बनावट सनदेवरचा शिक्का खरा दिसला म्हणून सनद खरी होत नाही; कागद, शाई आणि भाषा पाहावी लागते. बाह्य प्रमाण आणि अंतःप्रमाण हा भेद तुम्हांआम्हांला केवळ ग्रंथातला वाटतो. त्या आईसाठी तो चुलीचा प्रश्न होता.

उलट कधी कधी अंतःप्रमाण चोरालाच बोलके करते. 2016 च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनापूर्वी दोन दिवस फुटला, तेव्हा चित्राच्या कोपऱ्यात सेन्सॉरसाठी असल्याची अक्षरे होती. त्याच वर्षी 29 एप्रिलला प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ही फुटला आणि त्याही प्रतीवर सेन्सॉर प्रतीची खूण असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. ‘सैराट’ त्यातूनही तरला आणि मराठीत न भूतो असा चालला. पण ज्या मराठी चित्रपटाला दोन आठवडे आणि मोजके खेळ मिळतात त्याने काय करावे? त्याच्या पहिल्या रविवारी फुटलेली फाइल म्हणजे उभ्या पिकात सोडलेले गुरू. अंधेरी-गोरेगावच्या संकलकांपासून प्रकाशयोजनेच्या हमालांपर्यंत किती घरांचे पुढचे काम त्या रविवारच्या गल्ल्यावर ठरते! आता चित्रपटगृहातल्या यंत्रांतून डोळ्यांना न दिसणारी खूण चित्रात मिसळण्याची सोय आहे. चोरट्या प्रतीवरून खेळ कोणत्या पडद्यावर आणि केव्हा झाला ते तिच्यामुळे काढता येते. फाइलीचे नाव पुष्पिका, तर ही खूण म्हणजे कागदाच्या पोटातला जलछाप.

न्यायालयानेही हाच भेद पाहिला. 2016 च्या जुलैत ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी संकेतस्थळेच्या संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला, आणि नेमके दुवे तपासून, पडताळून आणा असे निर्मात्यांना सांगितले. चोर पकडताना गल्लीतल्या सर्वांची दारे ठोठावू नयेत, हा त्यातला विवेक. विधिमंडळाचा हात मात्र कडक होत गेला. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी 1981 मध्ये केलेल्या महाराष्ट्राच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 2009 मध्ये व्हिडिओ पायरेट आले. केंद्राने 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त केला. चित्रपटगृहात चोरून मुद्रण करणाऱ्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि किमान 3 लाख रुपये ते निर्मितिखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंड त्यात आहे.

याला दुसरी बाजू नाही काय? आहे. 2005 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ‘ब्लॅक फ्रायडे’चे प्रदर्शन रोखले आणि तो 2007 च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला. मधल्या काळात अनेकांनी तो चोरट्या प्रतीवर पाहिला. ‘आलम आरा’ या 1931 च्या पहिल्या बोलपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात 2003 च्या जानेवारीत आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. अशा वेळी मनात येते की, कोणी चोरून का होईना एक नक्कल केली असती तर! हा विचार मनात येतो हे आम्ही लपवीत नाही. पण त्याचा निष्कर्ष चोरी करावी असा निघत नाही. जतन करण्याचे काम सज्जनांनी चोरांवर सोपवू नये, असा निघतो.

आपल्या कपाटापाशी

सारांश, तीन गोष्टी हाती येतात. नावे ही साधनांच्या अडचणीतून, बाजाराच्या गरजेतून आणि नक्कलकाराच्या अभिमानातून घडतात. ती वाचता आली तर एका ओळीत एका काळाचे अर्थकारण दिसते. आणि ती कितीही काटेकोर असली तरी आतल्या साक्षीवाचून त्यांवर विसंबू नये.

त्या छत्तीस फितींचे काय झाले, असे आपण विचाराल. चौतीसांची यादी झाली. कोणी अध्यक्षांच्या आभारांवरून ओळखले गेले, कोणी खोकल्यावरून. एका फितीवर वक्ते म्हणतात, आता शहराचे नाव इंग्रजीतही मुंबई झाले आहे. त्यावरून ते व्याख्यान 1995 नंतरचे, बहुधा 1996 च्या वसंतातले, इतके ठरले. मागे लोकलचा भोंगा ऐकू येतो, म्हणजे सभागृह रुळांजवळचे. वक्त्यांचे मराठी गोळीबंद आहे, आवाज पन्नाशीचा आहे, विषय नगरांच्या नावांचा आहे. पहिली बाजू संपते तेथे वाक्य अर्धेच राहते आणि दुसरी बाजू कोरी आहे. चिठ्ठीवर ‘सर’. आम्ही ती फीत चार जुन्या सभासदांना ऐकवली. प्रत्येकाने वेगळे नाव सांगितले, आणि चौघेही ठाम होते.

आपल्या घरी लग्नांच्या कॅसेट आहेत, आजोबांचा आवाज आहे, मोबाईलमध्ये हजारो चित्रे आहेत आणि त्यांची नावे यंत्राने दिलेले आकडे आहेत. आज घरी गेल्यावर त्यांतल्या एकाला तरी नीट नाव द्या. कोण, कोठे, कोणत्या साली, कोणी टिपले, मूळ की नक्कल. पाच शब्द पुरतात. आजच्या व्याख्यानाचेही मुद्रण चालू आहे असे दिसते. यंत्रापाशी बसलेल्या कार्यकर्त्याला आमची विनंती आहे की, चिठ्ठीवर आमचे नाव आणि आजची तारीख लिहावी. ‘सर’ लिहू नये.